विराज गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी

कुंदाताई मगदूम दारात उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे रडून सुजले होते. रविवारची सकाळ होती. मी हातातला धुण्याचा पिळा तसाच बादलीत टाकला आणि विचारलं, "काय झालं हो?"

"विराज गेला," त्या म्हणाल्या.

कुंदाताईंचे भाऊ, पुतणे, जावई, सगळे मी भराभर आठवून पाहिले. त्यात विराज कुणी सापडेना.

"कोण विराज?"

"गिरिजाचा नवरा हो. काल बघितला नाही व्हय तुम्ही? विशेष भाग होता. मी तर रात्री जेवलो नाही. आमच्यात कुणालाच घास गेला नाही."

मग माझ्या लक्षात आलं. विराज म्हणजे 'माप ओलांडलं मी' या मालिकेतला नवरा. रोज संध्याकाळी आमची अख्खी कॉलनी ती मालिका बघायची. मी बादली उचलून बाजूला ठेवली.

"बसा," मी म्हटलं. "चहा ठेवते. सुतकात चहा चालतो ना तुमच्याकडे?"

कुंदाताईंना टोमणा कळला नाही. त्यांना तो कधीच कळायचा नाही, म्हणून मला मारायचाही कंटाळा यायचा नाही.

ही गोष्ट इचलकरंजीची. माझं माहेर पुण्याचं. लग्न होऊन मी इथे आले; इथल्या बायका 'जेवलो', 'येतो' असंच बोलतात. आमच्या घरी यंत्रमाग, शेजारीपाजारी यंत्रमाग, आणि मागांच्या खडखडाटात ज्यांचं कुणी ऐकत नाही अशा बायकांचं एक महिला मंडळ. कुंदाताई त्याच्या अध्यक्षा. हे मंडळ चालवायच्या कुंदाताई, पण त्याला अक्कल पुरवायचा टीव्ही. मालिकेत लग्नाआधी संगीत झालं, की आमच्याकडच्या लग्नात साध्या हळदीची लाज वाटायला लागली आणि ज्यांनी जन्मात ताल धरला नव्हता असे मामा-काका शेरवानी घालून नाचायला लागले. मालिकेत बायकांनी चाळणीतून चंद्र पाहिला, तर आमच्या कॉलनीच्या गच्चीवरही पिठाच्या चाळण्या निघाल्या. बिचारे नवरे डोक्यात कापसाचे तंतू घेऊन मागावरून आले होते, त्यांना समोर उभं केलं. आपल्याकडे हा उपास कधी होता, असं मी विचारलं तेव्हा कुंदाताई म्हणाल्या, "आता आहे की."

तर त्या आधीच्या श्रावणात या मालिकेतल्या गिरिजानं आपल्या विधवा आत्तेसासूला हळदीकुंकू लावलं होतं. मागे सनई, समोर रडणारं घर, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्याच दिवशी मंडळाची बैठक बसली आणि ठराव झाला, की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा भगिनींनाही मानानं बोलवायचं. मी लग्न होऊन आल्यापासून हेच सांगत होते. तेव्हा मला पुण्याची शहाणी म्हणून गप्प बसवत होत्या. गिरिजानं सांगितल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांना पटलं. मला राग आला, पण मी तो गिळला, कारण आमच्या घरात वन्सं होत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, इंदुमती. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच अपघातात नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या, त्या इथेच राहिल्या. आमच्या घरी दर संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं. तिळाच्या वड्या वन्संच्या हातच्या, हलव्याचे दागिने वन्संच्या हातचे, ताटं मांडायच्याही त्याच. आणि पहिली बाई फाटकातून आत आली, की वन्सं मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायच्या. जा म्हणून त्यांना कुणी सांगत नव्हतं. या म्हणून मी सांगत होते, तर म्हणायच्या, "राहू दे गं नलू. एखादीचं मन मागेपुढं व्हायचं, कशाला." शेवटची बाई गेली, की बाहेर येऊन खरकटी ताटं उचलायच्या.

मंडळाची पत्रिका त्यांच्या नावानं आली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली आणि देवाच्या फोटोमागे ठेवली. मग आठवड्याभरात काळं लुगडं, म्हणजे अगदी संक्रांतीची चंद्रकळा, घेऊन आल्या. तिच्यावर ब्लाउज शिवून घेतला. एका दुपारी भांडी विसळता विसळता मला विचारलं, "कपाळाला मेण लावून मग कुंकू लावतात का गं अजून? का आता तसंच चिकटतं?" साठीला टेकलेल्या बाईनं हे विचारावं आणि विचारताना लाजावं, हे पाहून मी मोरीतच तोंड धुतलं.

आणि हळदीकुंकू त्याच रविवारी दुपारी होतं. प्रमुख पाहुणी म्हणून खुद्द गिरिजाच यायची होती, म्हणजे गिरिजाचं काम करणारी अवनी घाणेकर नावाची नटी. कुणाच्या तरी ओळखीनं ते जमलं होतं.

मी चहा आणून ठेवला. कुंदाताईंनी कपाला हात लावला नाही.

"नलिनीताई, तुम्हाला स्पष्टच सांगतो. ते विधवांचं यंदा नको म्हणतात सगळ्याजणी."

"का?"

"काल गिरिजानं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं हो. म्हणाली, माझं कुंकू त्यांचं होतं, ते त्यांच्यासंगट गेलं. काय बोलली बघा! मंगळसूत्र देवीच्या पायाशी ठेवलं. तिनंच असं केल्यावर आपण कोण? लोकांच्या भावना आहेत."

"श्रावणात तिनंच लावलं होतं ना कुंकू? तेव्हाही भावनाच होत्या."

"तेव्हाचं निराळं होतं. आता दिवस बदललेत."

दिवस बदलले होते ते कुठे, हे मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर दुसऱ्या एका वाहिनीवर देवीची मालिका सुरू झाली होती आणि ती धो धो चालली होती. त्यामुळे सगळ्याच मालिकांना एकदम देवभक्ती सुचली. सुधारलेल्या सुना उपास करायला लागल्या, वकील झालेल्या मुली नवस फेडायला डोंगर चढायला लागल्या. मुंबईत कुणीतरी आकडे बघून पान उलटलं आणि इचलकरंजीत आमच्या वन्संचं हळदीकुंकू गेलं.

"आणि पत्रिका वाटल्यात त्याचं काय?" मी विचारलं.

"येऊ देत की. जेवणाच्या हॉलमध्ये मागं बसायची सोय करतो. शेवटी शाल-नारळ देऊ. सन्मानच आहे की तो. तेवढं इंदूताईंना तुम्ही सांगा, मला सांगवत नाही."

"तुम्हाला सांगवत नाही ते मी सांगू? ज्या बाईच्या वड्यांवर तुमचा तिळगूळ निभावतोय, तिला? कुंदाताई, लाज आहे का काही? एक नट पगार घ्यायचा थांबला म्हणून तुम्ही घरातल्या बाईला मागे बसवणार?"

"आवाज कशाला चढवतेस, नलू," मागून वन्सं म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला तीळ चिकटलेले होते. सगळं ऐकलं होतं.

"कुंदा, मी येतो," त्या म्हणाल्या. "मागं बसतो. वड्यांचे डबे तेवढे रिक्षानं पाठव."

कुंदाताईंनी डोळे पुसले. वन्सं किती समजूतदार आहेत याचं कौतुक केलं आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन त्या गेल्या.

मी वन्संवर भडकले. "कशाला होय म्हणालात? जायचंच नाही आपण."

"लुगडं आणलंय ना," त्या म्हणाल्या आणि डबे भरायला बसल्या.

दुपारी मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. एवढ्या बायका मी मतदानालाही पाहिल्या नव्हत्या. वन्सं चंद्रकळा नेसून थेट मागच्या जेवणाच्या हॉलमध्ये गेल्या. तिथे आणखी काही विधवा बाया बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ, दोन्ही हॉलच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसले. कुंकू लावायला बाई आली तेव्हा मी नको म्हटलं. ती म्हणाली, "अय्या, का?" मी म्हटलं, "विराज गेला ना." तिनं डोळ्यांत पाणी आणून मान हलवली.

अवनी घाणेकर आली ती साध्या सुती साडीत, गळ्यात तिचं स्वतःचं मंगळसूत्र, आणि सोबत तिचा स्वतःचा नवरा. तो तिला गाडीनं पुण्याहून घेऊन आला होता. त्याला दाराशी एक खुर्ची आणि उप्पिटाची बशी देऊन सगळ्याजणी त्याला विसरल्या. अवनीभोवती मात्र ही गर्दी. एक बाई तिचा हात धरून म्हणाली, "धीर धरा." दुसरीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विराजच्या आईकडे आता तुम्हीच बघायला पाहिजे असं बजावलं. ती पोरगी आधी हसली, मग बायका खरंच रडतायत हे बघून गांगरली.

मंडळाची पद्धत अशी, की स्टेजवरचं पहिलं हळदीकुंकू प्रमुख पाहुणीला. कुंदाताई तबक घेऊन स्टेजवर गेल्या. त्यांनी अवनीला गजरा दिला, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, आणि कुंकवाचा करंडा तिच्यासमोरून तसाच पुढे नेऊन शेजारी बसलेल्या नगरसेवकाच्या बायकोला कुंकू लावलं. हॉलमध्ये कुजबुज झाली, पण ती पसंतीची होती.

अवनीनं विचारलं, "मला नाही लावायचं?"

कुंदाताई तिच्या कानाशी वाकून बोलल्या. पण समोर माइक होता आणि तो चालू होता, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू आलं. "बाई, राग मानू नका. कालच घडलंय. बायकांना बघवणार नाही."

अवनीनं क्षणभर दाराकडे, उप्पीट खाणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग तिला हसू आवरेना. तिनं माइक हातात घेतला.

"अहो, विराज मेलेला नाही," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या बायका खुर्च्या पुढे ओढून बसल्या.

"हे मी सांगायला नको खरं तर, चॅनेलवाले ओरडतील. पण तुम्ही एवढ्या प्रेमानं बोलावलंत. काल तो दरीत पडला, बरोबर? प्रेत दाखवलं का तुम्हाला? मालिकेत प्रेत दाखवलं नाही, की समजायचं माणूस परत येणार. त्याला नाटकाच्या दौऱ्यासाठी सुट्टी हवी होती. शिमग्यापर्यंत येतोय तो."

असा जल्लोष मी नातवंडाच्या बारशालाही ऐकला नव्हता. बायका उठून उभ्या राहिल्या, एकमेकींना मिठ्या मारल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी स्टेजवर चढून अवनीची दृष्ट काढली, बोटं मोडली आणि "जन्मसावित्री हो" असा आशीर्वाद दिला. कुंदाताईंनी करंडा पुन्हा उघडला आणि तिला ठसठशीत कुंकू लावलं, कारण तिचा नवरा जिवंत असल्याचं आता कळलं होतं. तो खरा जिवंत नवरा दाराशी बसून पाण्याचा ग्लास शोधत होता.

मी मागे वळून वन्संकडे पाहिलं. त्या बाकावरून पुढे सरकून ऐकत होत्या. "परत येणार म्हणे," शेजारच्या बाईला म्हणाल्या, आणि दोघी थोड्या हसल्या.

अवनीचं भाषण सुरू झालं. बोलता बोलता ती म्हणाली, "या मालिकेतला मला सगळ्यात आवडता प्रसंग म्हणजे गिरिजा आत्याबाईंना कुंकू लावते तो. ते करताना मला खरंच रडू आलं होतं. तुमच्याकडे आहेत का कुणी अशा आत्याबाई? मला आज त्यांना कुंकू लावायला आवडेल."

ती मनापासून बोलली होती, एवढं मी कबूल करते. त्या दुपारी त्या स्टेजवर तेवढी एकच बाई मनापासून बोलली.

आणि कुंदाताई एका क्षणात श्रावणात परत गेल्या. "आहेत की!" त्या माइकमध्ये म्हणाल्या. "आमच्या मंडळानं तर तसा ठरावच केलाय. आमचं मंडळ या बाबतीत पहिल्यापासून पुढं आहे." टाळ्या पडल्या. सकाळी ज्यांना बघवणार नव्हतं त्यांनीच त्या वाजवल्या. आणि कुंदाताई पदर खोचून धावत माझ्या अंगावरून जेवणाच्या हॉलमध्ये शिरल्या.

"इंदूताई, चला. लवकर चला."

"मी?" वन्संनी विचारलं.

"मग कोण? बाई थांबल्यात."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मला म्हणायचं होतं, नका जाऊ, ही माणसं काय लायकीची आहेत ते आताच पाहिलंत. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की माझी जीभ रेटेना. "जा वन्सं," मी म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी पदर सारखा केला आणि त्या निघाल्या. भरल्या हॉलमधून, बायकांच्या मधून, पुढच्या बाजूनं. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्या समारंभात पुढच्या बाजूनं जाताना पाहिलं नव्हतं. मी पाठोपाठ स्टेजच्या पायरीपर्यंत गेले.

तिथे गावातल्या केबलवाल्याचा कॅमेरामन उभा होता. त्यानं दिवा लावला. वन्संनी डोळे मिटले. अवनीनं आधी हळद लावली, मग करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेऊन त्यांच्या कपाळावर नीट, गोल लावलं आणि वाकून नमस्कार केला. वन्संनी डोळे उघडले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण हात तिथपर्यंत नेला आणि खाली आणला. त्या हसल्या. मी त्या घरात आल्यापासून वन्सं कामापुरत्या हसायच्या. हे हसू तसलं नव्हतं. तेवढ्यापुरती मी सगळ्यांना माफ करायला तयार झाले होते. कुंदाताईंनासुद्धा.

"थांबा, थांबा," कॅमेरामन म्हणाला. "मॅडमचा हात मधे आला. कपाळ दिसलंच नाही. परत एकदा घ्या."

"परत एकदा," कुंदाताई म्हणाल्या. त्यांच्या कमरेला रुमाल होता. तो त्यांनी टेबलावरच्या तांब्यात बुडवला, डाव्या हातानं वन्संची हनुवटी धरली आणि उजव्या हातानं त्यांचं कपाळ पुसून काढलं. एकदा पुसलं, लाल राहिलं, म्हणून परत घासून पुसलं. हे सगळं त्यांनी घाईघाईनं, तोंडावर हसू ठेवून केलं. "हां. आता इकडं बघून उभ्या राहा इंदूताई. मॅडम, तुम्ही जरा या बाजूनं."

वन्संच्या कपाळावरून तांबूस पाण्याचा ओघळ भुवईपर्यंत आला होता. त्या हलल्या नाहीत. अवनीचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. तिचं तोंड उतरलं होतं. तिला कळलं होतं. बाकी कुणाला काही झालेलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बायका माना उंच करून दुसऱ्या वेळची वाट बघत होत्या.

अवनीनं पुन्हा हात पुढे केला, तेव्हा वन्संनी तो हळूच धरून खाली केला.

"काय झालं?" कुंदाताई म्हणाल्या. "अहो इंदूताई, शूटिंगसाठी पुसलं. खरं थोडंच पुसलंय?"

"तेव्हा माझ्या सासूनं पुसलं होतं," वन्सं म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पण ती रडत होती, कुंदा."

एवढं बोलून त्या पायऱ्या उतरल्या. पदरानं भुवई टिपली, माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाल्या, "चल नलू." आम्ही दोघी बायकांच्या मधून दाराकडे निघालो. कुणी वाट अडवली नाही आणि कुणी थांबा म्हणालं नाही. दाराशी अवनीचा नवरा उठून उभा राहिला होता, तेवढ्या एका माणसानं वन्संना नमस्कार केला.

बाहेर चपलांचा ढीग होता. मी वाकून आमच्या चपला शोधत होते, तेव्हा आत माइक खरखरला आणि कुंदाताईंचा आवाज आला.

"हॉलमध्ये आणखी कुणी विधवा भगिनी असतील, तर त्यांनी कृपया स्टेजजवळ यावं. कॅमेरा थांबलाय."